मोजणीआबांची आठवी गाठ

तुमच्या गावच्या माळावर लांडगे किती आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? विहिरी किती, देवळे किती, चावडीवर दिवसभर बसून राहणारे किती, हे तुम्ही चटकन सांगाल. लांडग्यांचे विचारले तर म्हणाल, "पुष्कळ." ज्याची भीती वाटते त्याला माणूस नेहमी पुष्कळच म्हणतो. बारामती आणि इंदापूर यांमधल्या माळाचा खरा आकडा सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

लोक त्यांना मोजणीआबा म्हणत. साठी उलटलेले धनगर, अंगाने काटक, खांद्यावर घोंगडे. जमीन मोजायला आलेले सरकारी लोक जसे खाली बघत चालतात, थांबतात, पुन्हा चालतात, तसे ते मेंढरांमागे चालत. म्हणून हे नाव पडले. पिंपळी गावच्या पारावरून कोणीतरी हमखास हटकत असे, "काय मोजणीआबा, सरकारनं साखळी दिली का न्हाय अजून?" चालता चालताच उत्तर येई, "साखळी जिमिनीला लागती. जित्या जिवाला गाठ पुरती."

ही गाठ कमरेच्या दोरीला असे. आबा स्वतः लोकर कातून दिवाळीनंतर नवी दोरी वळत. लांडगीण जिथे पिले घालते त्या बिळाला ते घर म्हणत, आणि एका घराला एक गाठ मारत. घर मोडले तर गाठ सोडायची नाही, तिच्यावर शेळीचा काळा केस गुंडाळायचा. मी कारण विचारले. "सोडली तर हुतं ते बी नव्हतं व्हतंय," ते म्हणाले.

त्यांची बायको, सगुणाआक्का, या नादाला विटली होती. "आमचं लगीन कवा झालं ते इचारा, सांगता येनार न्हाय. लांडगीन कवा व्याली ते मातूर वारासकट सांगतील."

"लगीन एकदाच झालं," आबा म्हणत. "ती दरसाली वितीया."

लांडगा हा शब्द मात्र ते स्वतः कधी उच्चारत नसत. ते म्हणत पाव्हणा. एखादे कोकरू गेले तर शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. "पाव्हणा जेवून गेला," एवढे म्हणून कुंपणाची काटेरी झुडपे घट्ट करत. ओढ्याच्या ओल्या वाळूत उमटलेल्या पावलाशेजारी ते आपला पंजा टेकवत आणि मला सांगत, "कुत्रं भटकतं. ह्यो बघ, कामाला निघाल्यावानी सरळ गेलाय."

मी तेव्हा बारामतीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो. वडिलांनी जमवलेली पत्रके वाचत मी वाढलो. अन्याय छापून चव्हाट्यावर मांडला की तो लाजेने मरतो, अशी माझी श्रद्धा होती. आबा मला छापखानेराव म्हणत. एके दिवशी मी त्यांना विचारले, की जो तुमची मेंढरे खातो त्याची मोजदाद कशाला? त्यांनी कमरेची दोरी चाचपली. मग म्हणाले, "माझ्या बाच्या दोरीला बारा गाठी हुत्या, छापखानेराव. दोरी आखूड व्हत चाललीया. ती संपली म्हंजे माळ संपला. त्येच्या मागं आमचा लंबर."

त्या हिवाळ्यात त्यांनी मला सात घरे दाखवली. दाखवली म्हणजे काय, तर लांबूनच हनुवटी उचलली. ओढ्याचे, टेकडीचे, खडकाचे नाव त्यांच्या तोंडून एकदाही आले नाही. घराची जागा बोलायची नाही, अशी त्यांच्यात रीत होती. मला ती भोळी समजूत वाटली. परतताना एका ओसाड बिळाकडे बघून ते म्हणाले, "रिकामं घर पाव्हणा इसरत न्हाय. चार सालानं का हुईना, येतोच."

त्याच सुमारास कालव्याकाठच्या बागाईतदारांनी कचेरीत अर्ज दिला. माळावर शेकडो लांडगे झाले आहेत, सबब विष घालून बंदोबस्त व्हावा. मला खरे कारण दिसत होते. कळंबकडे उसाचे रान पसरत होते आणि त्यांना माळ मोकळा हवा होता. माझे रक्त तापले. खोट्याला खऱ्या आकड्याने ठेचायचे, असे ठरवून मी चार पानांचे पत्रक लिहिले. शेकडो नव्हेत, अवघी सात घरे! आणि पुराव्याशिवाय कोण मानणार, म्हणून तिसऱ्या पानावर साती जागा नावानिशी दिल्या. आबांनी ज्यांना नाव दिले नव्हते त्यांना नावे मी दिली. पत्रक आम्ही बाजारात वाटले, मोटारीच्या अड्ड्यावर वाटले, आणि एक प्रत मी स्वतः कचेरीत नेऊन दिली.

मग मोठ्या हौसेने मी ते आबांना वाचून दाखवायला गेलो. लोकर कातणारी त्यांची चाती गरगर फिरत होती. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"जागा घातल्यास?"

"घातल्या, आबा. नुसत्या आकड्यावर कचेरीचा विश्वास बसत नाही."

"म्या मोजून ठिवलं हुतं," ते म्हणाले. आवाज चढलाही नाही. "तू मोजून दिलंस."

छापखानेराव ही हाक मी त्यानंतर कधी ऐकली नाही.

ते तसेच उठले. माणसाचा वावर जाणवला की लांडगीण पिलांना तोंडात धरून दुसरीकडे नेते, हे त्यांना माहीत होते. मेंढरे आक्कांवर सोडून ते घरोघर फिरले. बिळांच्या तोंडाशी लोकर जाळली, डबा बडवला. मीही मागून गेलो; त्यांनी मला ये म्हटले नाही, जा म्हटले नाही. तीन घरे हलली. चौथ्याला आम्ही पोचलो तेव्हा तिथे धूर झाला होता आणि बिळाच्या तोंडाशी चार पिले ओळीने मांडून ठेवली होती. कचेरीने धाडलेला शिकारी दगडावर बसून विडी ओढत होता. त्याच्या खिशातून माझे पत्रक डोकावत होते.

"तुमीच का ते लिवणारं?" त्याने मला आदराने विचारले. "लई उपकार झालं, मास्तर. पायपीट वाचली."

हललेल्या तीन घरांना विषाने गाठले. मांसाचे तुकडे वाटावाटांवर टाकले होते. लांडगे मेले, कोल्हे मेले, घारी मेल्या. आबांचा कुत्रा खंड्या दिवसभर तडफडला आणि आबांच्या मांडीवर गेला. महिन्याच्या आत साती घरे संपली. कचेरीने बंदोबस्त समाधानकारक झाल्याचे कळवले. कचेरीला आकडा लागतो तो खोडण्यासाठी, हे कोणत्याही पत्रकाने मला शिकवले नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडी आबांनी बिऱ्हाड घोड्यावर लादले आणि नीरा ओलांडून दक्षिणेकडे गेले. पुढल्या दिवाळीला मेंढरे घेऊन आक्का एकट्याच परतल्या. "वाटंतच गेलं," त्या म्हणाल्या. "शेवटाला हात कमरंला जायचा, आन् दोरी तर तुमच्यापाशी."

होय, दोरी माझ्यापाशी आहे. निघताना त्यांनी ती सोडून माझ्या हातावर ठेवली होती. मी गाठी मोजल्या. सात गाठींवर काळा केस घट्ट गुंडाळलेला होता. पण गाठी आठ होत्या. आठवी पांढरी होती, मोकळी होती. माझ्या तोंडून निघून गेले, "आबा, ही कुठली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. हनुवटीसुद्धा हलवली नाही. आणि घोड्याचा लगाम धरून चालू लागले.

आठवे घर कुठे आहे, मला माहीत नाही. ते असेल तर त्यातली पिले आता मोठी झाली असतील, आणि एक दिवस त्या सात रिकाम्या घरांपैकी एखादे शोधत येतील. म्हणून हे लिहिले. वाचकहो, माझे ते पत्रक कोणाच्या फडताळात, वहीत, दुकानाच्या रद्दीत अजून असेल, तर त्याचे तिसरे पान फाडा आणि चुलीत घाला. मला परत पाठवू नका. आणि जाळण्यापूर्वी वाचू नका.