केबलकाकांचा नंबर

केबलकाका आमच्या घरी कधी बसले नाहीत. आले किती वेळा याची मोजदाद नाही, पण खुर्चीला पाठ टेकली असेल तर शपथ. दारात चपला काढायच्या, हेल्मेट काखेत, पाठीवरची पिशवी पाठीवरच, आणि तोंडाने सुरू, "निघतोच आहे ताई, पलीकडच्या सोसायटीत माणूस थांबलाय." अहो, आधी या तरी, मग निघा! चहा दिला तर उभ्यानेच, बशीत ओतून, खिडकीतून खाली आपल्या स्कूटरकडे बघत प्यायचे. मी स्वतः काही शांत बाई नव्हे. बँकेच्या रांगेत माझ्यापुढच्या माणसाने पेन शोधायला वेळ लावला तरी माझं डोकं तडकतं. पण काकांपुढे मी म्हणजे ध्यानाला बसलेली.

बिबवेवाडीत आमच्या भागात कितीतरी वर्षं घरोघरी केबल त्यांचीच. या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या वायरी टाकत त्यांचं तरुणपण गेलं. मग डिश आल्या, मग इंटरनेट आलं आणि लोकांनी केबल सोडली. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. काकांनी, ज्याने आपला धंदा बुडवला तेच शिकून घेतलं. टीव्हीच्या मागे खोचायची ती काडेपेटीएवढी डबी, जिच्यामुळे वायफायवरून हवं ते टीव्हीवर दिसतं, ती ते लोकांना लावून द्यायला लागले. "माझ्याच हाताने माझी वायर कापतोय, ताई," असं म्हणून हसायचे. पण हसणं पुरं व्हायच्या आत फोन काढून बघायचे, कुणाचा आलाय का.

आमच्याकडे ते आले आईमुळे. बाबा गेल्यावर आईला मी वर्धेकडून इथे आणलं. इथे तिचं मन रमेना. मालिका लावून दिल्या तर म्हणाली, "ह्या बाया दिवसभर दागिने घालून भांडतात. सैपाक कोण करते त्यायच्या घरी?" तिला हवी होती एकच गोष्ट. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्या दिवशीच्या सत्काराची व्हिडिओ कॅसेट. ती तिने लुगड्यात गुंडाळून आणली होती, आणि ती चालवायचं यंत्र आता भंगारवाल्याकडेही मिळत नव्हतं. मी महिनाभर बघू, करू म्हणत टोलवलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्यांनी केबलकाकांचं नाव सांगितलं. ते आले, कॅसेट हातात घेतली, कानाशी हलवून पाहिली आणि म्हणाले, "कसब्यात माझा एक माणूस आहे, तो फितीवरचं सगळं मोबाइलवर काढून देतो. मावशी, फक्त मला चार दिवस द्या." चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हजर. म्हणे, "झालं. आता लावू."

आता लावू म्हणजे अख्खं घर पालथं. मोबाइल समोर धरून, आरतीचं ताट फिरवावं तसे, ते खोलीखोलीतून फिरू लागले. पुढच्या खोलीत वायफाय बरं, पॅसेजमध्ये अर्धं, आणि आईच्या खोलीत ठणठण गोपाळ. "राउटर कुठेय?" मी स्वयंपाकघराच्या फळीवरचे स्टीलचे डबे सरकवून दाखवला. काका माझ्याकडे नुसते बघत राहिले.

"ताई, हे काय लोणचं आहे का, डब्यांमागे अंधारात मुरत ठेवायला?"

"त्याचे दिवे रात्रभर लुकलुकतात. आईला झोप येत नाही."

"मग दिव्यांवर चिकटपट्टी लावा. त्याला कोंडू नका. हवेवर चालणारी वस्तू आहे, तिला हवा नको का?"

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. राउटर पॅसेजमध्ये आला, दिव्यांवर पट्टी बसली, आणि आईच्या खोलीत चित्र उमटलं. रिमोटवर बटणं डझनभर. काकांनी माझ्याकडून एक टिकली मागून घेतली, मधल्या बटणावर चिकटवली आणि आईला म्हणाले, "मावशी, बाकीची बटणं आपली नाहीतच असं समजा. टिकली दाबायची." आईने दाबली. पडद्यावर हार घातलेले बाबा उभे राहिले, माईक खरखरला आणि ते म्हणाले, "मी दोनच शब्द बोलणार आहे." मग चांगली वीस मिनिटं बोलले. आई तोंडाला पदर लावून इतकी हसली! बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मागे वळले, काकांना काहीतरी म्हणावं म्हणून, तर ते जिन्यात पोचलेसुद्धा.

पुढे ते येत राहिले. कधी चित्र अडकायचं, कधी आवाज पुढे आणि बाबांचे ओठ मागे. एकदा मी वैतागून म्हटलं, या बिनवायरीच्या भानगडीपेक्षा तुमची केबल बरी होती. काका एकदम खुलले. "बघा! वायर तुटली की कुठे तुटली ते बोटाने दाखवता यायचं. कुणाच्या पतंगाने तोडली, तेही कळायचं. त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. आता कुणाशी भांडायचं? हवेशी?" हे बोलताना ते पॅसेजमध्ये येरझारा घालत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी तेव्हा नीट पाहिला नाही. मला ऑफिसची घाई होती.

आमचं वाजलं ते एका कोडवरून. एका रविवारी टीव्हीने अचानक सांगितलं, पुन्हा लॉगिन करा, तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. माझ्या मोबाइलवर काही येईना. नीट पाहिलं तर पडद्यावर दाखवलेले शेवटचे दोन आकडे माझ्या नंबरचे नव्हतेच. ते काकांच्या नंबरचे होते. फोन केला तर म्हणाले, "आलोच," आणि दहा मिनिटांत तीन मजले चढून दारात. आमची लिफ्ट तेव्हा आठवडाभर बंद होती. धाप लागली होती. खिशातून फोन काढून कोड घातला, बाबा पुन्हा सुरू.

"हे फोनवर सांगता आलं असतं की," मी म्हटलं.

"आलं असतं," ते म्हणाले. "पण मग येणं झालं नसतं."

तेव्हा उलगडा झाला. लोकांना पासवर्ड आठवत नाहीत, म्हणून काकांनी आमच्या भागातल्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डब्या स्वतःच्या नंबरवर चालू केल्या होत्या. बाबांचा व्हिडिओसुद्धा त्यांच्याच खात्यात ठेवलेला. माझं पित्त खवळलं. "काका, उद्या तुमचा फोन हरवला तर आमचे बाबा कुठे शोधायचे मी? लोकांनी सारखं तुम्हाला बोलवावं म्हणून केलंत ना हे?" आई आतून म्हणाली, "असं नाई बोलत वं." पण बोलून झालं होतं. काका हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिले. मग हळू म्हणाले, "केबल होती तेव्हा सकाळी सहाला फोन सुरू व्हायचा, ताई. आता दुपार होते तरी वाजत नाही. तुमचं चुकलं नाही काही. पुढच्या रविवारी येतो, नंबर बदलून देतो." आणि गेले. मी दारात उभी राहिले, हाक मारली नाही.

पुढचा रविवार आलाच नाही त्यांचा. शनिवारी सकाळी झटका आला आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी त्यांना वर्षभरापूर्वीच जिने चढायला मनाई केली होती. मला हे ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नव्हतं म्हणून मन थोडंच ऐकतं? ती धाप माझ्या डोळ्यांसमोर लागली होती. माझी मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

आणि मंगळवारी टीव्हीने पुन्हा कोड मागितला.

आता करा काय करायचं ते! नंबर काकांचा, फोन त्यांच्या घरात, घरात दुःख. त्यांच्या माघारी कार्ड बंद झालं की खातं गेलं, खातं गेलं की बाबा गेले. कॅसेटही त्या कसब्यातल्या माणसाकडेच राहिलेली, आणि त्याचं नाव फक्त काकांना माहीत. मी पॅसेजमध्ये येरझारा घालत होते. फोन उचलला की आई म्हणायची, "ठेव तो. त्यायच्या घरचं माणूस गेलं, अन् तू टीव्हीसाठी फोन करतं काय?" बुधवारी तेच, गुरुवारी तेच. पडद्यावर ती कोडची चौकट नुसती उभी. आई टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. मी मात्र दिवसातून दहा वेळा त्या चौकटीपुढे जाऊन उभी राहायचे.

शुक्रवारी मी त्यांच्याकडे भेटायला गेले. कोडचं नाव काढायचं नाही, असं आईला वचन देऊन. चाळवजा इमारतीत दोन खोल्या. सतरंजीवर दहाबारा माणसं, बहुतेक आमच्याच भागातली, सगळ्यांच्या माना खाली. काकू भिंतीला टेकून, पुढ्यात काकांचा फोन. पाच मिनिटांनी फोन टिंग झाला. काकूंनी उचलून बघितला, ठेवला. पुन्हा टिंग.

"हे गेल्यापासून नुसते आकडे येतायत," काकू म्हणाल्या. "कोणाचे असतात, काही कळत नाही."

खोलीतल्या माना आणखी खाली गेल्या. एक निवृत्त गृहस्थ खाकरले. कुणी वर बघेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळेच माझ्यासारखे आलेत. दुःख खरं, पण पोटात कोड. त्यातला आत्ताचा आकडा तर बहुधा माझ्या घरचा होता. मला वचनात बांधून आई घरी एकटी होती, आणि तिनेच बटण दाबलं असणार. माझा संयम संपला.

"काकू, आमचा असेल तो," मी म्हटलं, आणि घडाघडा सगळं सांगितलं. बाबा, कॅसेट, काकांचा नंबर, माझं बोलणं. तेही सांगितलं. सांगताना रडले. काकूंनी ऐकून घेतलं. मग चष्मा लावला, फोन जवळ धरला आणि म्हणाल्या, "मग बसलात काय? आईंना फोन लावा. लवकर संपतो म्हणायचे हे, कोड." एकेक आकडा त्यांनी वाचला, मी तो आईला सांगितला. आई पलीकडून "लागलं," एवढंच म्हणाली. मग ते निवृत्त गृहस्थ पुढे सरकले, "वहिनी, आमचाही जरा..." आणि सतरंजीवर चक्क ओळ लागली.

निघताना मी म्हटलं, "काकू, मी सगळ्यांचे नंबर बदलून देते. मला येतं आता. तुम्हाला अशा दिवसांत त्रास नको."

काकू म्हणाल्या, "बदलू नका. फोन वाजतो म्हणून मी उठतेय हो. नाहीतर कशाला उठू?"

काकांचं कार्ड चालू आहे आणि आमचा नंबर मी बदललेला नाही. कसं बदलायचं ते पाठ आहे. परवा टीव्हीने पुन्हा कोड मागितला. मी चपला घातल्या. आई म्हणाली, "फोन कर नं, हातात तर हाय."

म्हटलं, "जाऊन येते."