आधी हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या प्रभाकरला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल. समोर माणूस आला की माझ्या तोंडून ती दुसरीच गोष्ट निघते, टाळ्या घेणारी.

मी हवाई दलात लढाऊ विमानं उडवायचो. आता चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्यातल्या आमच्या गावात धान लावतो आणि रक्तदाब सांभाळतो. लोक अजून पायलटभाऊ म्हणतात. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारतंच — भाऊ, मिसाइल मागं लागलं तर करता काय? मग मी रंगात येतो. डोंगरावरून माणूस खांद्यावर ठेवून डागतो ते मिसाइल इंजिनाच्या उष्णतेमागे येतं. सरळ पळून उपयोग नसतो, ते आपल्यापेक्षा वेगवान. मग जळते गोळे सोडायचे, त्यांना आम्ही फ्लेअर म्हणतो. इंजिनाचा जोर कमी करायचा आणि विमान असं गर्रकन वळवायचं की खाल्लेलं घशाशी यावं. मिसाइल फ्लेअरच्या मागे गेलं तर आपण वाचलो.

एक गोष्ट मात्र मी टपरीवर गाळतो. ते येतं मागून, खालून. ज्याच्यावर येतं त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही, दिसतं जोडीदाराला. म्हणून आम्ही जोडीनं जायचो. त्याची पाठ मी बघायची, माझी त्यानं.

हे मला नवं होतं का? छे. लहानपणी चैत्रात मायसोबत मोहफुलं वेचायला जायचो. झाडाखालचा पाला आधीच जाळलेला, त्या काळ्या राखेवर पिवळी फुलं पडलेली, बोटं चिकट, आणि तो गोड, जडसर वास. जो तो आपापल्या झाडाखाली मान खाली घालून. वाघाचं जंगल ते. म्हणून माणसं एकमेकांना हाका घालत राहायची. माय दर साली पहिल्या दिवशी बजावायची, "ज्याले आधी दिसल, त्यानं आधी हाक द्याची. मंगच पाय उचलाचा."

प्रभाकर माजरीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. स्क्वाड्रनमध्ये साऱ्या देशातले लोक, आणि चंद्रपूरकडचे आम्ही दोघंच. मायनं पाठवलेले मोहाचे लाडू माझ्याआधी तोच संपवायचा, वर म्हणायचा की तुम्ही झाडीवाले, रानातली माणसं, मोह खाऊनच उडता. काय दिवस होते ते! एकदा सुट्टीत गावी आला, मायबरोबर फुलं वेचायला गेला आणि इतक्या जोरात हाका घालू लागला की मायला हसू आवरेना. तिचा नियम त्यानं तिथंच उचलला. पुढं विमानात चढताना रोज मला म्हणायचा — आधी हाक. मी म्हणायचो, मग पाय.

आणि मग ती लढाई. पहाडातली सकाळ. प्रभाकर बॉम्ब टाकून वर येत होता, मी त्याच्या मागे, जरा उंचावर. खालच्या घळीतून धुराची रेघ उठली. कुणाकडे चालली होती? अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते कळलं नाही. कळलं होतं. ती त्याच्याकडे वाकत होती.

रेडिओचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. मी ते दाबलं नाही. मी माझे फ्लेअर सोडले. मी वळलो. वळण पूर्ण झालं, सूर्य समोर आला, जिवात जीव आला — तेव्हा मी हाक दिली.

तो उडी टाकून वाचला. आपलं हेलिकॉप्टर त्याला घेऊन आलं. पण कणा मोडला होता, डावा पाय कायमचा गेला. विमान तर गेलंच.

चौकशीत मला विचारलं, हाक केव्हा दिली? मी म्हणालो, धूर दिसताच. दवाखान्यातल्या खाटेवर प्रभाकरनं ते ऐकलं आणि हाक वेळेवर आली, वळायला आपणच उशीर केला, असा हिशेब लावून टाकला, "माह्याच हात जड पडला बे." पुढं तो नव्या वैमानिकांना शिकवू लागला, तर आळशी हातांचं उदाहरण म्हणून स्वतःचंच द्यायचा. वर्ग हसायचा. एकदा मी मागच्या बाकावर होतो. मीही हसलो.

माय जायच्या आधी तिनं एकदाच विचारलं, आधी हाक देल्ली होती ना, बाबू? मी हो म्हणालो.

प्रभाकर अजून दर चैत्रात येतो, काठी टेकत. यंदाही आला. मी दूरच्या झाडाखाली होतो, तो अलीकडे, बसून फुलं गोळा करत. मध्येच झुडपांत मोठी सळसळ झाली, त्याच्या अगदी जवळ. त्याला पळता येत नाही. त्यानं काठीसुद्धा उचलली नाही. आधी मला हाक दिली, माझं नाव घेऊन, पुन्हा पुन्हा, मी ओ देईपर्यंत. मग रानडुक्कर निघालं आणि पळालं.

मी धावत पोहोचलो तर हा हसत होता. घामानं निथळत होता आणि हसत होता.

"टायमावर देल्ली ना बे हाक?"

"देल्ली," मी म्हणालो.

आम्ही उरलेली फुलं वेचली. टोपली मी उचलली, काठी त्याच्या हातात दिली, आणि गावापर्यंत तो मायच्या आठवणी सांगत राहिला. मी ऐकत राहिलो.

त्याचे हात जड नव्हते. मी आधी वळलो, मग हाक दिली.