अध्यक्षांचा ज्युनिपर आत्याच्या पाळणाघरात

कुणी गावाला निघालं की आमच्या आत्याला आनंद होतो. त्याच्या सुखासाठी नव्हे. गावाला जाणारा माणूस बोन्साय क्लबचा सभासद असेल, तर तो आदल्या दिवशी आपली झाडं तिच्या गच्चीत आणून ठेवतो आणि आत्याला दुसऱ्यांच्या झाडांना मनसोक्त नावं ठेवायला मिळतात. याची फांदी भलत्याच जागी, त्याचं शेवाळ वाळलेलं, हिनं तर मुळांकडे वर्षानुवर्षं बघितलेलंच नाही. नावं ठेवून झाली की ती त्या झाडांची जिवापाड काळजी घेते आणि मालक परत आला की चकार शब्द न काढता झाड त्याच्या हातात देते. क्लबमध्ये या गच्चीला पाळणाघर म्हणतात.

आत्यानं चौतीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढले. फिल्म धुऊन निघाली की हाड मोडलंय की नाही हे तिला डॉक्टरांच्या आधी कळायचं, पण पेशंटला सांगायची परवानगी नव्हती. त्यामुळे सगळं माहीत असून काहीच माहीत नसल्याचा चेहरा करायची तिला जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्या घरात तिच्याशी पत्ते खेळायला कुणी बसत नाही.

क्लब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. अध्यक्ष म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ते निवृत्त झालेत हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसावं, कारण उशिरा येणाऱ्याला ते दारातच उभं करतात. क्लबला एक नियम त्यांनीच घालून दिलाय. झाड मेलं तर ते कुंडीसकट पुढच्या टेबलावर आणायचं आणि ज्याच्या हातून मेलं त्यानं सगळ्यांसमोर कारण सांगायचं. ‘गेलं बिचारं’ चालत नाही. अध्यक्ष एका लांबट वहीत तारीख, झाड आणि कारण लिहून घेतात. एकदा एका सभासदानं सांगितलं की जावयानं कुंडीत सिगारेट विझवली. अध्यक्षांनी विचारलं, जावयाला झाडाजवळ एकटं सोडलंच का? बिचारा सभासद दोन महिने फिरकला नाही.

अकरा वर्षांत आत्या त्या टेबलापाशी एकदाही उभी राहिली नव्हती. तिच्याकडे झाड दगावत नाही, अशी तिची ख्याती. ही ख्याती तिला किती प्यारी आहे हे मला ठाऊक आहे, कारण ती थोडीशी खोटी आहे हेही मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या दंतवैद्यांचा – तेही क्लबातलेच – वडाच्या जातीचा फायकस पाळणाघरात मेला. कसा मेला ते सोडा. आत्यानं आणि मी तीन दिवस गाडी घेऊन सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या, त्याच्यासारखा हुबेहूब दुसरा शोधला, जुन्या कुंडीत बसवला, वरून जुनंच शेवाळ अंथरलं. दंतवैद्य परत आले आणि म्हणाले, “तुमच्याकडे राहून याच्या अंगावर तजेला आला.” तेव्हापासून आत्या दाढ दुखली की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जाते. यांच्यासमोर आ करून पडून राहायची तिची हिंमत होत नाही.

तर यंदा ऐन उन्हाळ्यात अध्यक्ष मुलीकडे तीन आठवडे जाणार होते. त्यांचा तीस वर्षांचा ज्युनिपर, सुरूसारख्या पानांचा बोन्साय, म्हणजे क्लबची शान. त्यांनी तो आत्या बाजारात गेलेली असताना आणला, शेजारणीकडे ठेवला आणि सोबत सूचनांची दोन पानं. ज्युनिपर हिरवागार होता. नवी निळी कुंडीही झकास होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं मला फोन करून बोलावून घेतलं. ज्युनिपर मोठा लबाड, मेला तरी दोन-दोन महिने हिरवा दिसतो. खरं काय ते बघायचं तर खोडाची साल नखानं जराशी खरवडायची. आत हिरवं निघालं तर जिवंत, तपकिरी निघालं तर संपलं. आत्यानं खोडाच्या मागच्या बाजूला खरवडलेली जागा मला दाखवली. तपकिरी. मग तिनं शेवाळाची कड उचलली. तिच्या खुणेच्या दोन बोटं खाली आणखी एक खूण होती, नखाचीच, पण जुनी, सुकलेली.

“माझ्या आधी कुणीतरी बघून गेलंय,” आत्या म्हणाली. “त्यांना माहीत होतं.”

म्हणजे मुख्याध्यापकांनी मेलेलं झाड नेमकं मरायला म्हणून तिच्याकडे आणून ठेवलं होतं. आत्याचा पारा असा चढला की तिनं चहात दोनदा साखर घातली. मी म्हटलं, आत्ताच चार जणांना बोलावून ती खूण दाखव. ती म्हणाली, खुणेवर काय नाव लिहिलंय? ते म्हणतील, बाईंनीच दोनदा खरवडलं. अकरा वर्षांचं शंभर टक्के नाव असं एका ढोंगी माणसापायी घालवायचं का? मी म्हटलं, नव्व्याण्णव टक्के. त्यावर तिनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलून नेला.

पुढचे तीन आठवडे त्या मेलेल्या झाडाची जी बडदास्त ठेवली गेली, ती जिवंतपणी कुणाची होत नाही. दुपारी सावलीत, सकाळी पानांवर पाण्याचा फवारा, धूळ टिपायला रंगकामाचा मऊ ब्रश. एक काडी पिवळी पडली, ती आत्यानं कात्रीनं अलगद उडवली. पहिल्या रविवारी आम्ही झाड गाडीत मांडीवर घेऊन हॉलवर गेलो. अध्यक्ष आदल्या दिवशीच परतले होते आणि मोठ्या मनानं क्षमा करायची तयारी करून आले होते, हे त्यांच्या मवाळ आवाजावरून कळत होतं. आत्यानं हिरवागार ज्युनिपर त्यांच्यापुढे ठेवला. ते चष्मा वर करून बघत राहिले, पुन्हा खाली करून बघत राहिले. मग म्हणाले, जरा मलूल वाटतो, अजून काही दिवस तुमच्याकडेच राहू दे.

आत्यानं तिचा तो एक्स-रेवाला चेहरा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मलूल कसला? उलट अध्यक्षांनी आज याच झाडाच्या फांदीला तार गुंडाळून वळण देऊन दाखवावं. आम्हाला शिकायला मिळेल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिवंत फांदी तारेबरोबर वाकते, मेलेली कटकन मोडते, हे हॉलमधल्या पहिल्या महिन्याच्या सभासदालाही ठाऊक. दंतवैद्य वही-पेन घेऊन पुढच्या रांगेत बसले. अध्यक्षांनी तार कापली. ती सरळ केली. तारेच्या जाडीवर दहा मिनिटं बोलले. चष्मा पुसला, पाणी प्याले, मग फांदीवर दोन बोटं ठेवली आणि तशीच ठेवून उभे राहिले. आत्या हाताची घडी घालून मजा बघत होती. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू.

अध्यक्षांनी तार खाली ठेवली.

“झाड मेलंय,” ते म्हणाले. “माझ्याकडेच मेलं. नवी कुंडी आली, दम धरवला नाही, तीत बसवायला भर उन्हाळ्यात मुळं कापली. आणि मग बाईंच्या माथी मारायला नेऊन ठेवलं. म्हटलं, यांच्याकडे कधी झाड मरत नाही, एखादं मेलं तर लोक यांना माफ करतील. मला कुणी केलं नसतं.”

ते स्वतःच वही उघडून लिहायला बसले, तारीख घातली आणि तीच पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. तीस वर्षं रोज सकाळी ज्याला आधी पाणी द्यायचं आणि मग आपला चहा घ्यायचा, ते झाड गेल्याचं त्यांनी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. मला एकदम त्यांची दया आली आणि आमची चलाखी नकोशी झाली. हॉलमधली सगळी माणसं आता कौतुकानं आत्याकडे बघत होती. जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. आणि ती उठून टेबलापाशी गेली.

“डॉक्टर,” ती दंतवैद्यांना म्हणाली, “तुमचा फायकस चार वर्षांपूर्वी माझ्याकडे मेला.”

दंतवैद्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग आमच्या घरी आहे तो कोण?”

“तो दुसरा. मी आणला.”

अध्यक्षांनी सवयीनं वहीची पुढची ओळ घेतली आणि मान वर न करता कारण विचारलं.

“पाणी द्यायचं राहिलं,” आत्या म्हणाली. “माझ्याकडून.”

आता मघाशी सोडा म्हटलं होतं ते सांगते. त्या आठवड्यात आत्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. गच्चीची किल्ली माझ्याकडे होती. ती रोज सकाळी पडल्या पडल्या फोनवर विचारायची, पाणी घातलंस का, आणि मी म्हणायचे, घातलं. मी पहिल्या दिवशी गेले होते आणि त्यानंतर थेट सहाव्या दिवशी. घरी आल्यावर तिनं कोरडी माती बोटानं चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, गाडी काढ, नर्सरीत जायचंय. चार वर्षांत तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आणि मी तिला नव्व्याण्णव टक्के म्हणून चिडवत होते.

मी क्लबची सभासद नाही. कुंड्या उचलायला येते आणि मागे बसते. टेबलापर्यंत पोहोचले तेव्हा अध्यक्षांनी वाक्य अर्धंच लिहिलं होतं. आत्या डोळ्यांनी मला मागे जा म्हणत होती. मी म्हटलं, ते कारण खोडा.

“मग काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“लिहा,” मी म्हटलं, “भाची.”