उताऱ्याबाहेर जाऊ नका

निवृत्त झाल्यावर कुणी भजनाला जातं, कुणी गुडघे बदलून घेतं. मी उतारे लिहायला लागले. बडोद्यात अकोट्याला आमच्या सोसायटीच्या खालीच स्पर्धापरीक्षांचा एक क्लास होता. त्यांना इंग्रजी आकलनासाठी दीडशे-दोनशे शब्दांचे उतारे हवे असत. खाली पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. विषय ठरलेले: चित्रकला, साहित्य, नाहीतर एखाद्या यंत्राचा इतिहास. मी आधी प्रश्न ठरवायची आणि मग त्यांच्याभोवती उतारा रचायची. चार पर्यायांत एक असा घालायचा की घाईत वाचणारा हमखास त्यावर जाऊन आपटेल. तो जमला की मला फार आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू?

तिथे शिकवायलाही मीच जायची, आणि वर्गात माझा नियम एकच. उताऱ्याबाहेर जाऊ नका. तुम्हाला काय माहीत आहे ते कुणी विचारलेलं नाही, उताऱ्यात काय आहे ते सांगा. हे वाक्य मी एवढ्या वेळा म्हटलं असेल की मुलं माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणायची.

फिटरभाऊ माझ्याकडे आले ते मात्र क्लासमधून नाही. त्यांची बायको माझे ब्लाउज शिवायची. माप घेता घेता एकदा म्हणाली, “बाई, आमच्या ह्यांना जरा वाचायला शिकवाल का?” मला वाटलं, निरक्षर आहेत की काय. तसं नव्हतं. ते मूळचे खानदेशातले, पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बडोद्याला आले आणि नागरवाड्यात राहिले. शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्याच्या आवारात मालगाड्यांसाठी रूळ आहेत, डबे मागेपुढे हलवायला शंटिंगची स्वतःची डिझेल इंजिनं आहेत. त्या इंजिनांच्या शेडमध्ये ते फिटर. सुपरवायझर होण्यासाठी आतली परीक्षा द्यावी लागते. यंत्रांच्या पेपरात त्यांना पैकीच्या पैकी मिळायचे आणि इंग्रजी उताऱ्यांत ते गचकायचे. दोनदा नापास झाले होते. वय पन्नासला टेकत आलेलं आणि पन्नासनंतर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे आता एकच संधी उरली होती.

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून विश्वामित्री नदी ओलांडून आले. पायरीवर चपला नीट जोडीनं काढल्या, “जय श्रीकृष्ण, बाई” म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी मुद्दाम त्यांच्या ओळखीचा उतारा दिला, रेल्वे इंजिनांच्या इतिहासाचा, माझाच लिहिलेला. त्यात होतं की वाफेची इंजिनं गेली आणि डिझेलची आली, या नव्या इंजिनांत डिझेलचं यंत्र थेट चाकं फिरवतं. प्रश्न सोपा होता. चाकं कोण फिरवतं? भाऊंनी खूण केली, विजेची मोटर.

मी लाल फुली मारली.

“पण बाई, ते साव खोटं आहे ने,” ते आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले. आवाज मऊ होता, पण मागे हटणारा नव्हता. “डिझेल फक्त वीज बनवतं. त्या विजेवर मोटर चालते आणि मोटर चाक फिरवते. मी रोज खोलतो.”

माझ्या नाकावर राग कायमचा राहायला आहे. मी म्हटलं, “भाऊ, तुम्हाला इंजिन यायला हवंय की उतारा, ते आधी ठरवा.”

त्यांनी पुढचा उतारा ओढला. त्या दिवशी आणखी तीन उतारे सोडवले आणि तिन्हींत त्यांनी तेच केलं. लिहिलेलं बाजूला आणि स्वतःला पटलेलं उत्तर पुढे. ते गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला, भाऊ किती चुकतात ते बघायला. अर्ध्या तासानं कळलं की भाऊंच्या शेडमध्ये असतात तशा इंजिनांबद्दल ते शब्दन् शब्द खरं बोलत होते. सात वर्षं मी तो उतारा मुलांना देत होते. इंजिन मी लांबून पाहिलेलं, तेही फलाटावर चहा पिताना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त कुतूहल वाटलं, की या माणसाला माझ्या बाकीच्या उताऱ्यांत काय काय दिसत असेल!

पुढच्या रविवारी मी चूक कबूल केली. ते इतके ओशाळले की चूक त्यांचीच असावी. मग मी विचारलं, “शेडमध्ये इंजिन बिघडून येतं तेव्हा तुम्ही आधी काय करता?”

“वही वाचतो ने.”

“कसली वही?”

तेव्हा कळलं की ड्रायव्हर इंजिन सोडताना तक्रारीच्या वहीत लिहून जातो. डाव्या रकान्यात तक्रार, उजव्या रकान्यात फिटरला प्रत्यक्षात जे आढळेल ते. ड्रायव्हरनं चुकीचं लिहिलं असलं, तरी डावा रकाना खोडायचा नाही, असा शेडचा कडक रिवाज. डावीकडे त्याचं म्हणणं जसंच्या तसं राहतं आणि उजवीकडे आपलं.

“मग परीक्षेतला उतारा म्हणजे ड्रायव्हरची तक्रार समजा,” मी म्हटलं. “प्रश्न फक्त डाव्या रकान्यावर असतात.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. सव्वीस वर्षं जे काम ते डोळे मिटून करत होते, तेच मी त्यांना शिकवत होते. त्यांनी लगेच खिशातून पट्टी काढली आणि वहीच्या मधोमध रेघ मारली. फिटरच्या खिशात पट्टी असते, हेही मला तेव्हाच कळलं.

त्या दिवसापासून त्यांची उत्तरं बरोबर यायला लागली. आणि माझी झोप उडवली ती त्यांच्या उजव्या रकान्यानं. तैलचित्रांच्या उताऱ्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, ‘रंग वाळायला इतके महिने लागतात, तर तोवर धूळ बसत नाही का? झाकत कशानं होते?’ जुन्या काळच्या रोजनिश्यांवरच्या उताऱ्यासमोर लिहिलं होतं, ‘कुणी वाचू नये म्हणून लिहायचं, तर इतक्या सुंदर अक्षरात का?’ तीस वर्षं मी साहित्य शिकवलं. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

टायपरायटरच्या उताऱ्यावर तर आमची जुंपली. टंकलेखकांचा वेग मुद्दाम कमी व्हावा म्हणून अक्षरांची जागा उलटसुलट केली, असं मी कुठूनतरी उचललेलं वाक्य त्यात होतं. भाऊंनी उजवीकडे एकच ओळ लिहिली, ‘काम हळू व्हावं म्हणून मशीन कोण बनवेल?’

आता मला राहवेना. आम्ही दोघं, आणि ब्लाउजांची पिशवी घेऊन त्यांची बायको, असे जुन्या शहरात मांडवीला गेलो. तिथल्या एका बोळात टायपरायटर दुरुस्त करणारे एक म्हातारे गुजराती गृहस्थ अजून बसतात. भाऊंनी परवानगी मागून शेजारशेजारच्या दोन कळा एकदम दाबल्या. आतले दोन दांडे वर आले आणि एकमेकांत अडकून बसले. भाऊंचा चेहरा उजळला. “जुओ बाई! हे अडकू नयेत म्हणून अक्षरं लांब लांब नेली असतील. हळू करायला नाही, अडकल्याशिवाय पळवायला!” दुकानदार म्हणाले, असंही म्हणणारे आहेत, पण बनवणाऱ्याच्या मनातलं कोण सांगणार? मग भाऊंनी तासभर त्यांना प्रश्न विचारले. त्यांची बायको मला हळूच म्हणाली, “घरात पंखासुद्धा असाच दुरुस्त होतो. आधी दोन तास गप्पा.”

परीक्षेआधीच्या रविवारी मी त्यांना दहा उतारे दिले. पन्नासपैकी सत्तेचाळीस आले. निघताना ते दारात थांबले. म्हणाले, “बाई, नव्या भरतीला मीच सगळं शिकवतो. पण ऑर्डर द्यायची वेळ आली की मला बाजूला करून दुसऱ्याला बोलावतात. एकदा सुपरवायझर झालो म्हणजे माझं ऐकतील ने.” एवढंच. त्यांना खुर्ची नको होती, आपलं म्हणणं कुणीतरी ऐकावं एवढंच हवं होतं. मी देवासमोर दिवा लावताना त्यांचा परीक्षेचा नंबर पुटपुटले, आणि मी काही फार देव-देव करणारी बाई नाही.

निकाल लागल्यावर ते आले ते आत न येता जिन्यातच उभे राहिले. दीड मार्क कमी पडला होता.

आत बसवून पाणी दिलं, तेव्हा हकीकत कळली. पेपर बाहेरच्या कुठल्याशा एजन्सीनं काढला होता. एक उतारा गाड्यांच्या ब्रेकच्या इतिहासाचा होता. त्यात लिहिलं होतं की आजच्या गाड्यांत ड्रायव्हर नळीत हवा सोडतो आणि त्या हवेनं ब्रेक लागतो. खरं नेमकं उलट आहे. नळीत हवा भरलेली असली की ब्रेक सुटलेला असतो, हवा गेली की ब्रेक लागतो.

“म्हणजे नळी फुटली तरी गाडी आपली आपण थांबते, बाई. माणसं त्याच्यामुळे वाचतात.”

“मग तुम्ही डावा रकाना नाही का लिहिला?”

“बाकी सगळं डावं लिहिलं. ह्या एका प्रश्नाला हात उचलला नाही. कोरा सोडला.”

“किती मार्कांचा होता?”

“दोन.”

मी भडकले. अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. एक खूण करायची होती, भाऊ! त्या कागदावरून कुठली गाडी धावणार होती? आयुष्यभराची संधी होती, ती काय ब्रेकवर घालवायची? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या दोन मार्कांनी सुपरवायझर झालो असतो आणि पहिल्या दिवशी नव्या लोकांना ब्रेक शिकवायला उभा राहिलो असतो. काय तोंडानं शिकवलं असतं?”

मी त्यांचा पेला पुन्हा भरला. पाणी पिऊन त्यांनीच विचारलं, आणि त्यात कडवटपणा अजिबात नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं. “बाई, हे असले उतारे लिहितं तरी कोण?”

“माझ्यासारखंच कुणीतरी,” मी म्हणाले. ते शब्द तोंडातून काढताना मला जड गेले. ती बाई किंवा तो गृहस्थ मला स्वच्छ दिसत होता. टेबलाशी बसलेला, चहाचा कप शेजारी, आधी प्रश्न ठरवून मग उतारा रचणारा. माझ्या डिझेलच्या उताऱ्यानं सात वर्षांत कुणाचे किती मार्क खाल्ले असतील, याचा विचार मला त्या क्षणापर्यंत शिवला नव्हता.

“मग तुम्हीच बघायला या,” भाऊ म्हणाले. “दसऱ्याला शेडमध्ये मशीनची पूजा असते. त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. तुम्ही घरच्याच.”

दसऱ्याला मी गेले. इंजिनांना झेंडूच्या माळा घातलेल्या, चाकांवर कुंकवाची बोटं, सगळ्यांच्या हातात फाफडा-जलेबीचे कागद. भाऊंनी मला इंजिनाला जोडलेल्या एका मालडब्यापाशी नेलं. इंजिन चालू होतं, नळीत हवा भरलेली होती. चाक आणि ब्रेकचा ठोकळा यांच्यामधली फट त्यांनी मला वाकून बघायला लावली. मग शेवटच्या नळीची तोटी उघडली. हवा इतक्या जोरात सुटली की मी दोन पावलं मागे सरले, आणि ठोकळे चाकांवर घट्ट बसले.

“आता सांगा बाई, ब्रेक कशानं लागला?”

शेडमधली माणसं भोवती जमली होती. मी शाळेतल्या मुलीसारखी सरळ उभी राहून म्हणाले, “हवा गेल्यानं.”

“बराबर,” भाऊ म्हणाले. “दोन मार्क.”

सगळे हसले, भाऊसुद्धा मनापासून हसले. मला मात्र त्या सगळ्यांसमोर रडू फुटलं, कारण ते दोन मार्क त्यांचे होते.