बोर्डावरचा बाप्या

"बोर्डावर बाप्या कुणी बसवला रं? बाई दे!"

एवढं बोलून आबासाहेबांनी फोन आपटला. माझा कान सुन्न झाला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, तिथलं टेलिफोन एक्सचेंज. तेव्हा फोन उचलला की आधी आम्ही बोलायचो, मग वायर खुपसून पुढचा नंबर जोडून द्यायचो. बोर्डापुढं सगळ्या बायका. पुरुष मी एकटाच. महारवाड्यातला, मॅट्रिक झालेला, अजून नोकरीत कायम न झालेला. आबासाहेब म्हणजे नदीकाठच्या उसाचे मालक. माझी आई, सोनाबाई, त्यांच्याच उसात खुरपायला जायची.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर बाई माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. पुण्याच्या होत्या, शुद्ध बोलायच्या.

"त्यांचा फोन आला तर बारीक आवाजात बोलायचं. बाईसारखं. करून दाखवा."

"बाई, मी..."

"कायम व्हायचंय ना?"

मी करून दाखवलं. "नंबर सांगा." खोलीभर हसू फुटलं. शेजारची कुसुम पदर तोंडात कोंबून हसत होती. "पुन्यांदा म्हणा की, शांताबाई!" असं कुणीतरी ओरडलं आणि तेच नाव मला चिकटलं. जिन्यावर शांताबाई, हजेरीला शांताबाई. पाण्याच्या माठाला मात्र शांताबाईनं हात लावायचा नाही.

घरी आई विचारायची, "हापिसात मान हाय न्हवं?" मी व्हय म्हणायचो.

पुढच्याच आठवड्यात आबासाहेबांचा फोन माझ्याकडं आला.

"नंबर सांगा," मी बारीक आवाजात म्हणालो.

"नंबर कसला मागतीस? नवी हायस व्हय? साडी कुठल्या रंगाची नेसलीस?"

मी पुन्हा नंबर विचारला.

"लाजतीस काय? मळ्यावर ये एकदा, लाज काढतो तुजी."

मग तो जे बोलला, ते माझ्याच्यानं लिहवत नाही. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी खटका दाबून माझा आवाज बंद केला आणि कुसुमकडं वळलो.

"ह्यो रोज असंच बोलतो?"

ती हसली नाही. "रोज. तुमाला आज कळलं व्हय?"

"बाईंना सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. त्या म्हणल्या, मोठा माणूस हाय, गोड बोला."

म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्या खुर्चीवर पोरी बसवत होत्या. आणि ह्या पोरी तसलं ऐकून, वायर जोडून, वर माझ्यावर हसत होत्या. मला सगळ्यांचा संताप आला. सगळ्यात जास्त माझा आला.

मी खटका वर केला. तो अजून लायनीवर होता. खोलीला ऐकू जाईल अशा माझ्या खऱ्या आवाजात बोललो.

"आबासाहेब, बाप्या बोलतोय. तुमच्या उसात खुरपणाऱ्या सोनाबाईचा पोरगा. आत्ता जे बोललासा ते माज्या आईम्होरं म्हणून दावा. न्हायतर नंबर सांगा."

पलीकडून जातीवरून शिवी आली. मी वायर उपटली.

संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. आईचं खुरपणंही गेलं. आबासाहेबांचा माणूस दारात येऊन सांगून गेला, मळ्यावर ये, पाय धर, दोन्ही परत मिळतील.

"धर की रं लेकरा," आई म्हणाली. "पायच तर हायत."

मी गेलो नाही. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी मिरजेला जाऊन स्टेशनावर हमाली धरली. गावी आलो आणि बाजारात कुसुम दिसली की ती तोंड फिरवायची. तिला अजून त्याच खुर्चीवर बसायचं होतं.

पुढं आबासाहेब मेला. गावानं दुकानं बंद ठेवली. शोकसभेत आया-बहिणींचा आधार गेला म्हणून भाषणं झाली. मी उठलो आणि फोनवर ऐकलेलं सगळं, शब्दन् शब्द, सांगायला लागलो. चौघांनी मला ओढत बाहेर नेलं. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणाले.

मी बोलणार. कुठल्याही सभेत, कुणाच्याही दारात. मारलं तरी बोलणार.