घोट घ्यायचा, गिळायचा नाही

वाइन चाखायला मी नाशिकला शिकले असं लोकांना वाटतं. खोटं आहे. ते मला जळगाव जामोदकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या मचूळ पाण्यानं शिकवलं. घरात तीन पाणी असायची. हापशीचं भांडी घासायला, विहिरीचं आंघोळीला आणि डोंगराकडच्या नळाचं प्यायला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजायची नाही. कुणी कळशांची अदलाबदल केली तर मी पहिल्या घोटालाच बोंब ठोकायचे.

रसायनशास्त्र शिकून मी नाशिकजवळच्या एका वायनरीत लागले. पहिल्याच आठवड्यात वाइन बनवण्याचं काम बघणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी सहा पेले मांडले आणि म्हणाल्या, लिहा काय लागतं ते. बाकीच्यांनी पेरू, लिंबू, मध असं काय काय लिहिलं. मी चौथ्या पेल्यापुढं लिहिलं, 'खारट'. सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पेल्यातली द्राक्षं ज्या मळ्यातली होती, तिथल्या बोअरचं पाणी खारं होतं. त्या दिवशी माझी मान वीतभर वर झाली.

मग नादच लागला. सोविन्यों ब्लांक ही पांढरी वाइन म्हणजे कच्चा पेरू आणि चिरलेली हिरवी मिरची. लाल शिराझला काळ्या मिऱ्याचा ठसका. पण नाशिकची शिराझ वेगळी आणि ऑस्ट्रेलियाची वेगळी, एकाच आईच्या दोन लेकी दोन गावांत दिल्यासारख्या. जर्मनीच्या एका जुन्या रिसलिंग वाइनला तर चक्क रॉकेलचा वास! मला आमचा स्टोव्ह आठवला आणि चारचौघांत डोळे भरून आले. पुस्तकात लिहिलेली फळं मी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून माझ्या वहीत अंबाडी, बोरं, चिंचेचा पाला असायचा. आणि प्रत्येक घोट तोंडात घोळवून मी थुंकायचे. दिवसाला वीस-तीस पेले चाखायचे तर दुसरा इलाजच नसतो.

बाबांना यातलं काही पटलं नाही. माझा काका दारूनं गेला. धाकट्या भावाला बाबांनीच खांदा दिला होता. आमच्या घरात रोज संध्याकाळी सगळे बुद्धमूर्तीसमोर बसून पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. माझं काम कळलं त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "तू पाचवं म्हनू नोको. म्हनशील तं चौथंबी मोडते."

"बाबा, मी पेत नाही. थुकून टाकते."

"जिभीले लागलं ना? झालं मंग."

तेव्हापासून गावी आले की मी चार शीलं म्हणायचे आणि पाचव्याला तोंड मिटून बसायचे. अशी तीन वर्षं गेली. राग यायचा, रडूही यायचं. सख्ख्या बापाच्या शेजारी परक्यासारखं गप्प बसणं काय असतं, ते मला विचारा.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. आमच्या खाऱ्या पाण्याच्या भागाला हे दुखणं नवं नाही. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस आणि दिवसाला लहानसा एक तांब्या पाणी, बस्स. त्यात उन्हाळा. मी रजा टाकून आले तेव्हा त्यांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. आई पाठमोरी झाली की म्हणायचे, "बाई, मले घोटभर पानी दे वं."

मला एकच विद्या येत होती. डोंगराकडचं गार पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्या हातात थुंकायला वाटी दिली.

"घोट घ्या, बाबा. जिभीखाली न्या, दाताच्या मागं न्या. आता थुका."

"हे तुह्या धंद्यातलं होय ना?"

"हाव. घ्या आता."

त्यांनी घेतलं, आणि डोळे मिटून कितीतरी वेळ बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हापशीचं मागितलं, मग फिल्टरचं. "याले तं चवच नाही," म्हणाले. "हापशीचं कसं, जिभीच्या कडेले धरते." मी बघतच राहिले. वायनरीतल्या भल्याभल्यांना इतकं नेमकं सांगता येत नाही. माझी जीभ कुणाची आहे ते मला तेव्हा कळलं. चार दिवस आम्ही बापलेक पेले मांडून बसलो, आणि खरं सांगते, इतक्या सुखात मी कधी नव्हते.

पाचव्या दिवशी खामगावला गेलो. मशीनला लावण्याआधी वजन करतात. जितकं वजन वाढलं, तितकं पाणी अंगात साठलं. काटा भलताच वर गेला. नर्सनं विचारलं, "बाबा, पाणी जास्त प्यायलात का?"

"नाही," बाबा म्हणाले. "सारं थुकलं."

मीही मान डोलावली. माझा पुरता विश्वास होता.

त्या संध्याकाळी वंदनेला बसलो. तीन शीलं झाली. चौथ्याला बाबांचा आवाज आलाच नाही. आई आणि मी दोघींनीच ते म्हटलं. मी वळून पाहिलं तर ते फरशीकडं बघत होते. वाटी रोज ते स्वतःच ओतून यायचे. तिच्यात पडायचं ते पाणी कुठं गेलं हे मला तेव्हा समजलं.

पाचव्याला मी नेहमीसारखं तोंड मिटलं. बाबाही थांबले.

"म्हन, बाई," ते म्हणाले. "तुले थुकता येते. मले नाही आलं."