शनिवारच्या खुर्च्या

शनिवारी जेवणाची सुट्टी संपली की कारखान्याच्या गोदामातून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर निघत. वॉचमन त्या गोलात मांडी. आंबा कापणाऱ्या बायका हात पुसत, गमबुटातले पाय ओढत यायच्या आणि बसायच्या. मग साहेब विचारायचे, "आज कसं वाटतंय?"

"बरा वाटता," बायका म्हणायच्या.

खरंच बरं वाटत असे. जेवणाची सुट्टी सोडली तर कामाच्या अख्ख्या आठवड्यात बुड टेकायला मिळायची ती एकच वेळ होती. साहेबांना मात्र वाटलं, बायकांना व्यक्त व्हायला आवडतं.

कारखाना जामसंड्याच्या बाहेर, रस्त्याला लागून. पेटीत घालायच्या लायकीचा नसलेला हापूस आमच्याकडे येतो. त्याला इकडे सगळे कॅनिंगचा आंबाच म्हणतात. धुतलेली फळं पट्ट्यावरून येतात, लांबलचक स्टीलच्या टेबलाशी बायका उभ्या राहून देठ काढतात, डागाळलेला भाग कापतात आणि फळ पुढे रस काढायच्या मशीनकडे ढकलतात. फरशी कायम ओली. चिकाने बोटांची सालं जातात, पण त्याची तक्रार कुणी करत नाही. तक्रार एकच होती: पाय.

ती पहिल्यांदा वैनीने केली. सगळ्याच तिला वैनी म्हणत, मीही. वय पन्नाशीच्या आतबाहेर. पिंढऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. ती ऑफिसच्या दारात येऊन म्हणाली, "सायब, बसाक कायतरी द्या. हात चलतत, पण पाय नाय चलणत. माका हंगाम पुरो करूचो आसा."

मी तिथेच होते. मी लाइनची सुपरवायझर. कणकवलीला मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं, म्हणूनच साहेबांनी मला घेतलं होतं. साहेब इथलेच, खाडीपलीकडच्या गावचे. मुंबईत नोकरी करून परत आलेले. चांगला मॅनेजर कसं व्हायचं याचा त्यांनी ऑनलाइन कोर्स केला होता आणि आणखी दोन चालू होते. माझी मुलाखत घेताना त्यांचे डोळे चमकले होते. "आपण इथे माणसांच्या मनावर काम करणार आहोत," ते म्हणाले होते. ते मनापासूनच बोलत होते. लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं. मनापासून बोलणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं.

घरी बाकी पुष्कळ शिकवलं होतं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा शिवणकाम करायचे आणि पत्रकं काढायचे: दारूच्या दुकानाविरुद्ध, खाणीविरुद्ध, किनाऱ्याला खेटून मोठी जाळी ओढणाऱ्या बोटींविरुद्ध. मी अक्षर ओळखायला शिकले ती "बंधुभगिनींनो" या शब्दावर. घड्या घालणं माझं काम, आचऱ्याच्या बाजारात वाटणं आईचं. बाबांचा नियम होता: पत्रकात मागणी एकच असावी. दोन मागण्या केल्या की समोरचा त्यातली स्वस्त ती देतो आणि वर फोटो काढून घेतो.

वैनीची मागणी एकच होती. मला ती बाबांच्या कुठल्याही पत्रकापेक्षा नेटकी वाटली.

ती गेल्यावर साहेब मला म्हणाले, "तुम्ही मानसशास्त्र शिकलात, तुम्हाला कळेल. त्यांना बाकडं नकोय. त्यांना दखल हवीय. बाकडं हे फक्त निमित्त."

"त्यांना बाकडंच हवंय," मी म्हटलं.

"वरवर."

"पिंढऱ्या बघितल्यात का त्यांच्या?"

ते हसले. वाईट हसले नाहीत. "नेत्याने उत्तर द्यायची घाई करायची नसते. आधी ऐकायचं."

हे वाक्य माझ्याही अभ्यासात होतं आणि ते खोटं नाही. पण कामाच्या जागेवरचं जे प्रकरण परीक्षेला कधी येत नाही म्हणून आम्ही सगळे सोडून देत होतो, त्यात टेबलाची उंची होती, उजेड होता, आवाज होता. माणूस थकतो तेव्हा त्याचं मन उघडून बघायच्या आधी तो कशावर बसलाय ते बघा, असं त्याचं सार होतं. ते मी साहेबांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, "छान मुद्दा" म्हणाले आणि शनिवारची ऐकण्याची सभा सुरू केली.

पहिल्या शनिवारी वैनी उठून बोलली. पायांचं सगळं सांगितलं. साहेबांनी तिच्या डोळ्यात बघत ऐकलं. ती थांबल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही इतकं मोकळेपणाने बोललात, याचं मला कौतुक वाटतं. टाळ्या!"

टाळ्या झाल्या.

"म्हणजे बाकडी येतली?" वैनीने विचारलं.

"बाकड्यांचं बघू. पण बोलून हलकं वाटलं की नाही?"

"वाटला. खुर्चेर बसलंय ना!"

बायका खळखळून हसल्या. साहेबही हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक "वातावरण मोकळं" असं.

त्यानंतर बायकांनी त्या सभेचं जे केलं, ते मी बघत राहिले. अर्ध्या तासाची सभा लांबवायची कशी, यात त्या पटाईत झाल्या. एकीचं सांगून झालं की दुसरीला उदास वाटायला लागे. एकीने आपल्या म्हशीचं आजारपण सांगितलं, पहिल्या दिवसापासून. एकीला सासूबद्दल बोलायचं होतं आणि सासू मरून पुष्कळ वर्षं झाली होती. साहेब मान हलवत ऐकायचे. मध्येच कुणीतरी कुजबुजायची, "आटपू नको गो, अजून जरा ताण!" साहेबांनी मुंबईला मालकांना कळवलं की सभेला शंभर टक्के हजेरी असते आणि बायका आता मनातलं बोलू लागल्या आहेत.

एका शनिवारी खुर्च्या उचलताना वैनी मला म्हणाली, "चेडवा, देवळात गाऱ्हाणां घातला तर देव कौल तरी देता. उजवो नायतर डावो. हंय सायब गाऱ्हाणां ऐकता नि आमकाच टाळये वाजवक सांगता."

देवाला डावा कौल देऊन नाही म्हणायचं धैर्य असतं. साहेबांना ते नव्हतं. बाकडी काय, स्टीलची स्टुलं आणायची तरी मुंबईला विचारावं लागणार, आणि मालक म्हणणार की बसून हात मंदावतात. ते "नाही" त्यांना मालकाकडून ऐकायचं नव्हतं आणि बायकांना सांगायचं नव्हतं. म्हणून ते ऐकत राहिले. मला वाटतं, ऐकणं ही त्यांची लपायची जागा होती.

घरी बाबा मशीनवरून मान वर न करता रोज विचारायचे, "बाकडी इली?"

"नाय."

"काय इला?"

"टी-शर्ट." ते खरंच आले होते. पाठीवर "आपण एक कुटुंब" असं छापलेले. बायकांना ते एप्रनच्या आत, साडीच्या पोलक्यावरून घालावे लागत. मे महिन्यात.

फळाची आवक वाढली. बाहेर टेम्पो खोळंबू लागले आणि सभा काही आटपेना. साहेब दोन दिवस कसल्याशा शिबिराला जाऊन आले. आल्यावर म्हणाले, बैठका उभ्याने घेतल्या की लोक मुद्द्याचं बोलतात, वेळ वाचतो, ऊर्जा टिकते.

त्या शनिवारी खुर्च्या निघाल्याच नाहीत. पट्ट्याच्या शेजारीच बायकांना गोलात उभं केलं. साहेबांनी विचारलं, "आज कसं वाटतंय?"

कुणी बोललं नाही. म्हशीचं नाही, सासूचं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा वैनीने पदर खोचला, एक हात टेबलाला धरला आणि ओल्या फरशीवर, साली नि रसाच्या चिखलात, सावकाश खाली बसली.

"वहिनी! बरं वाटत नाहीये का?"

"बरा वाटता."

"मग काय झालं?"

"काय नाय. बसलंय."

तिच्या शेजारची बसली. मग तिच्या पलीकडची. काही ठरलेलं नव्हतं, ते मी शपथेवर सांगेन. सभा उभ्याने लवकर आटपणार म्हणून सुट्टीनंतर लगेच पट्टा सुरू केला होता. फळं टेबलाशी येऊन साचायला लागली, एकमेकांवर चढली, खाली पडायला लागली. मी बटण दाबून पट्टा बंद करू शकत होते. नाही केला.

साहेब आधी समजुतीने बोलले. भावना, विश्वास, संवाद, सगळे शब्द एकामागून एक आले. एक आंबा गडगडत त्यांच्या बुटाला लागला आणि ते ओरडले, "उठा गो सगळी! फळां कुसाक लागली थंय! मालक माका घराक धाडतलो!"

मग खालून कुणीतरी म्हणालं, "आता कशे सायब आपल्या भाषेत इलास!"

हशा पिकला. साहेब लालबुंद झाले. पण ते त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं. त्यांनाही कुणाची तरी भीती होती, हे बायकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते त्या क्षणी खाली बसले असते, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ते बसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी बसायची सोय होईल. शब्द देतो."

वैनीला दोघींनी धरून उठवलं. बायका कामाला लागल्या.

सोमवारी सोय झाली होती. टेबलाच्या कडेने त्याच लाल खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. बायका बसल्या आणि टेबल त्यांच्या हनुवटीला लागलं. उभ्याने काम करायला केलेलं टेबल ते! फळापर्यंत हातच पोचेना.

"सायब," एकीने बसल्या जागेवरून विचारलं, "आता आंबे तोंडान कापूचे काय?"

साहेबांनी आधी फोटो काढून घेतला. सगळ्यांच्या हातात एकेक आंबा, सगळ्यांची डोकी टेबलावर मांडल्यासारखी. मग बायका उठल्या आणि उभ्याने कापू लागल्या. खुर्च्या त्यांच्या मागे रिकाम्या राहिल्या, रसाने चिकट होत गेल्या. त्या आठवड्यात साहेब मला म्हणाले, "बघितलंत? सोय दिली, पण कुणी वापरत नाही. म्हणजे गरज मुळात भावनिकच होती."

बाबांनी रात्री विचारलं, "बाकडी इली?"

"खुर्चे इले. बुटके."

त्यांनी मशीन थांबवलं. आयुष्यभर एका मागणीची पत्रकं काढलेल्या माणसाने गळ्यातली टेप काढून हातात घेतली. "मागणेत उंची लिवक व्हयी होती," म्हणाले.

त्याच सुमारास वैनी यायची बंद झाली. पाय सुजून गमबुटात जाईनात. तिची जागा दुसऱ्या दिवशी भरली गेली. एका तरण्या मुलीने. "टीममध्ये थोडी नकारात्मकता होती, ती कमी झाली," असं साहेब म्हणाले.

मी सुतळीचा तुकडा घेतला, टेबलाच्या उंचीला गाठ मारली आणि वैनीच्या घरी गेले. ती पायरीवर पाय लांब करून बसली होती.

"सायबाक सांग, माका बरा वाटता," ती म्हणाली. "दर शनवारी विचारी होतो."

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जांभ्याचे चिरे रचून ठेवले होते. आम्ही दोघींनी एकावर एक लावून बघितले. वैनी बसायची, मी सुतळी धरायची, तिचं कोपर गाठीच्या खाली राहिलं की वर एक फळी सरकवायची. शेवटी कोपर गाठीला जुळलं. पाय ठेवायला समोर एक चिरा आडवा टाकला. तिने हवेतच एक आंबा कापून बघितला.

"हां. हेच्यार मी दिवसभर बसतंय," ती म्हणाली. मग खाली उतरली. "मी काय आता येवचंय नाय. पण बाकीच्यांका होयत."

मी तिच्या बसण्याच्या उंचीला दुसरी गाठ मारली.

त्या मापाची स्टुलं आजवर आलेली नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे उरलेलं कुणी आशेने वाचायला नको.

दुसऱ्या दिवशी मी सुतळी साहेबांच्या टेबलावर ठेवली. सांगितलं, ही गाठ टेबलाची, ही बसायची. जामसंड्यातला वेल्डर आठवड्यात करून देईल. मालकांना कळवा. नाही म्हणाले तर तसं बायकांना सांगा, पण सांगा.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. शिबिरात शिकवलं असेल तसे ते माझ्याकडे पूर्ण वळले, पुढे झुकले आणि माझ्या डोळ्यात बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. खरी होती.

"तुम्ही फार दुखावलेल्या दिसता," ते म्हणाले. "बसा ना. यावर बोलूया आपण."

त्यांच्या समोरची खुर्ची गादीची होती. मी बसले नाही.